‘मी फक्त फोन घेते’ असं पुन्हा लिहू नकोस

ताई,

मी नागपूरच्या मनीषनगरला राहते आणि बुटीबोरीच्या एका कारखान्यात 14 वर्षं नोकरी करते आहे. आमच्याकडे औद्योगिक गिअरबॉक्स बनतात. बी.एस्सी. झाल्यावर ऑर्डर डेस्कवर लागले, आज कस्टमर सर्व्हिसमध्ये डेप्युटी मॅनेजर आहे. हाताखाली 5 जण आहेत. आमचे विभागप्रमुख मार्चमध्ये निवृत्त होताहेत. गेली 3 वर्षं तक्रारी, सुटे भाग, वॉरंटी, साइटवर इंजिनियर पाठवणं हे सगळं मीच बघते, म्हणून ती जागा मला मिळेल असं धरून चालले होते. मागच्या आठवड्यात प्लांट हेड म्हणाले, “खाणीत, पॉवर प्लांटमध्ये वेळी-अवेळी जावं लागतं. बाईमाणसाला कसं जमेल? त्यापेक्षा एचआरला या, आरामात राहाल.” त्या जागेसाठी सेल्समधल्या एका सरांचं नाव ऐकू येतंय. माणूस चांगला आहे, इंजिनियर आहे. मी इंजिनियर नाही. मी फक्त फोन घेते आणि निरोप पोचवते, हे मलाही कळतं. पुण्याहून एक ऑफर आहे, पगार जास्त पण हुद्दा हाच. मुलगी दहावीला आहे, सासूबाईंची तब्येत नाजूक. नवरा म्हणतो, “तू ठरव.” माझं ठरत नाही. मला ‘अहो’ म्हणू नका, ‘अगं’ म्हणा, म्हणजे खरं बोलाल.

— बुटीबोरीची एक वाचक

अगं,

तुझ्या प्रश्नांकडे वळायच्या आधी एका ब्रीदरची गोष्ट सांगते. तुला ब्रीदर समजावून सांगायला नको, पण बाकीच्या वाचकांसाठी सांगते. गिअरबॉक्स म्हणजे मोटरचा वेग बदलून मशिन फिरवणारी दातेरी चाकांची पेटी. तिच्या माथ्यावर बोटाच्या पेराएवढी एक टोपी असते आणि तिला बारीक भोक असतं. यंत्र चाललं की आतलं तेल तापतं, हवा फुगते आणि त्या भोकातून बाहेर पडते. भोक बुजलं की हवेला वाट राहत नाही. आत दाब वाढतो आणि तेल शाफ्टच्या (फिरणाऱ्या दांड्याच्या) सीलमधून, म्हणजे तेल अडवणाऱ्या कड्यातून, बाहेर यायला लागतं.

नव्वदच्या दशकात मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तुझ्यासारखीच फोनवर बसायचे. गोंदियाच्या एका राईस मिलच्या मालकांचा फोन यायचा, “मॅडम, तुमचा गिअरबॉक्स पुन्हा गळून राहिला ना! सीझन चालू आहे इथं, काय करू मी?” 3 वेळा आम्ही नवं सील फुकट पाठवलं. रजिस्टरमध्ये तिन्ही वेळा ‘सील बदलले, तक्रार बंद’ अशी नोंद झाली, माझ्याच अक्षरात. चौथा फोन आला तेव्हा मी रजिस्टरची मागची पानं चाळली. त्याच महिन्यात निघालेले आणखी 2 गिअरबॉक्स गळत होते. गावं वेगळी, मशिनं वेगळी, सीलचा लॉटही वेगळा. मग सील खराब कसं असेल?

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं गोंदियाला गेले. मिलच्या फोरमनकाकांनी शिडी धरली. वर चढून बघते तर ब्रीदरवर निळ्या रंगाचा जाड थर, भोक दिसतच नव्हतं. आमच्या पेंट शॉपला नवा माणूस आला होता आणि तो टोपीवरूनही स्प्रे मारत होता. काकांनी खिशातली तार काढून भोक मोकळं केलं, तेव्हा फुस्स आवाज आला. तो आवाज मला आजही आठवतो.

पुढे पेंटिंगच्या आधी ब्रीदर काढून तिथं प्लास्टिकचं बूच लावायची पद्धत सुरू झाली. पण ज्या मीटिंगमध्ये ते ठरलं तिला मला बोलावलं नव्हतं. आमच्या साहेबांनी ती गोष्ट स्वतःची म्हणून मांडली. मी घरी येऊन रडले आणि कोणालाच काही बोलले नाही. त्या गप्प राहण्यामुळे माझी बढती कितीतरी वर्षं मागे पडली. म्हणूनच तुझ्या पत्रातलं ‘मी फक्त फोन घेते’ हे वाक्य मला इतकं लागलं.

विचार कर, ती चूक कोणाला सापडली असती? डिझाइनवाल्यांचं ड्रॉइंग बरोबर होतं. क्वालिटीनं सील तपासलं होतं, ते चांगलं होतं. सेल्सला गोंदियाचा एकच ग्राहक माहीत होता. तिन्ही गावचे फोन एकाच माणसाच्या कानावर पडले होते, त्या माणसालाच त्यांतलं साम्य दिसलं. आपल्या कामाला कोणी नाव ठेवो वा न ठेवो, ग्राहक आपलं दुखणं त्याच्या भाषेत सांगतो आणि आपण ते कारखान्याला कळेल अशा भाषेत मांडतो. ‘आवाज करतो’ म्हणजे बेअरिंग, की कपलिंगचं अलाइनमेंट, की फाउंडेशनचा सैल बोल्ट, हे फोनवर चार प्रश्न विचारून तू ओळखतेस. 14 वर्षांत किती वेळा बरोबर ओळखलंस, ते जरा आठव. याला निरोप पोचवणं म्हणत नाहीत.

आता ‘बाईमाणसाला कसं जमेल’ याकडे. रागावून उत्तर देऊ नकोस, माहिती घेऊन दे. 1952 च्या खाण कायद्यानं स्त्रियांना जमिनीवरच्या कामाला सकाळी 6 ते संध्याकाळी 7 या वेळेत कधीच मनाई केली नव्हती. बंदी होती ती भूगर्भातल्या कामाला आणि रात्रीला. 2019 मध्ये केंद्र सरकारनं तीही अटींसह सैल केली. उघड्या खाणीत रात्रीचं काम आणि भूगर्भात दिवसा तांत्रिक, देखरेखीचं आणि व्यवस्थापनाचं काम स्त्रिया तेव्हापासून करू शकतात, त्यांची लेखी संमती असली की. तू तर खाणीत नोकरीला जाणार नाहीस. तू पुरवठादाराकडून कन्व्हेयरच्या (माल वाहणाऱ्या पट्ट्याच्या) ड्राइव्ह हेडपाशी, म्हणजे गिअरबॉक्स बसवलेल्या टोकाशी, उभी राहायला जाणार आहेस.

आणि आपलं शहर कोणतं आहे ते तुझ्या प्लांट हेडना आठवू दे. वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय नागपुरात आहे. देशातल्या पहिल्या महिला मायनिंग इंजिनियर म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं त्या चंद्राणी प्रसाद वर्मा याच नागपुरात शिकल्या आणि 1999 मध्ये पदवीधर झाल्या. त्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळवण्यासाठी त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली होती. त्याला आता पाव शतक उलटून गेलं. अजूनही बुटीबोरीत कोणी ‘खाण आहे म्हणून बाई नको’ म्हणत असेल तर तो काळजीनं बोलत असेल, पण जुन्या माहितीवर बोलतो आहे.

काळजी मात्र खरी असते, तिला हसण्यावारी नेऊ नये. चंद्रपूरच्या बाजूला एखाद्या सिमेंट प्लांटवर दिवसभर थांबायचं तर बाथरूम कुठे आहे हा पहिला प्रश्न असतो. मी त्यापायी कितीतरी साइटवर सकाळपासून पाणी पिलेलं नाही, तेही मे महिन्यात, 45 डिग्रीच्या उन्हात. त्याचे परिणाम भोगले. तू असं करू नकोस. जायच्या आधी साइटच्या इंजिनियरला फोन करून थेट विचार, लाजू नकोस. सेफ्टी शूज तुझ्या मापाचे आत्ताच मागव. स्टोअरमध्ये बहुधा पुरुषांचेच नंबर असतात आणि सैल बूट घालून जिना चढणं हाच मोठा धोका आहे. गाडी कंपनीची असावी, परतीची वेळ आधी ठरलेली असावी, सोबत टीममधला कोणीतरी असावा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात ‘कामाची जागा’ म्हणजे फक्त ऑफिस नाही. नोकरीच्या निमित्तानं जिथं जावं लागतं ती प्रत्येक जागा आणि कंपनीनं दिलेलं वाहनही त्यात येतं. म्हणजे साइटवर तुझी सुरक्षितता बघणं हे कंपनीचं कामच आहे. ते काम अवघड वाटतं म्हणून तुला पद नाकारता येत नाही.

शिवाय विभागप्रमुखानं प्रत्येक ब्रेकडाउनला स्वतः धावत जायचं नसतं. तुझे आत्ताचे साहेब वर्षभरात किती वेळा रात्री साइटवर गेले? डायरीत बघ. मला वाटतं तो आकडा ऐकून प्लांट हेडही गप्प होतील.

एचआरचं सांगते. खातं चांगलं आहे आणि ज्यांनी ते शिकून निवडलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण तुला ते देऊ करण्यामागे तुझं कौशल्य नाही, तुझं बाई असणं आहे. तिथं गेलीस तर 14 वर्षांत जमवलेली ग्राहकांची ओळख, मशिनची ओळख, कोणत्या प्लांटचा मेंटेनन्सवाला खरं बोलतो आणि कोणाचं निम्मंच धरायचं हे सगळं एका दिवसात निरुपयोगी होईल. नको म्हण. त्याचं कारण लांबण लावून सांगू नकोस.

सेल्सचे सर चांगले आहेत, असं तू लिहिलंस ते मला आवडलं. स्पर्धा आहे म्हणून माणूस वाईट ठरत नाही. पण सेल्स आणि सर्व्हिसच्या कामात एक मुळातला फरक आहे. सेल्सला पुढची ऑर्डर हवी असते, त्यामुळे ग्राहकाला ऐकायला बरी वाटेल अशी तारीख द्यायचा मोह होतो. “सांगून टाक, परवा निघेल.” हे वाक्य तू किती वेळा ऐकलं असशील! तिकडे कोराडी किंवा खापरखेड्यासारख्या वीज केंद्रात ओव्हरहॉलिंगसाठी, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी, युनिट बंद केलेलं असतं. गिअरबॉक्स परवा येणार म्हणून हायड्रा क्रेन सांगून ठेवलेली असते, फिटरची टोळी बोलावलेली असते. परवा माल आला नाही की क्रेनचं भाडं चालू, माणसं बसून आणि वरच्या साहेबांपुढे मेंटेनन्सवाल्याची मान खाली. 10 दिवस उशीर होणार हे त्याला आज सांगितलं तर तो आज चिडेल, पण क्रेन सांगणार नाही. चिडलेला ग्राहक टिकतो, फसवलेला टिकत नाही, हे मी माझ्या नोकरीत पुन्हा पुन्हा पाहिलं. म्हणून सर्व्हिसच्या खुर्चीवर असं माणूस हवं ज्याला वाईट बातमी वेळेवर सांगता येते. तुला ते जमतं असं तुझ्या पत्राच्या सुरावरून वाटतं. तू स्वतःबद्दलसुद्धा वाईटच आधी लिहिलंस.

आता कामाचं. प्लांट हेडकडे ‘मी 14 वर्षं प्रामाणिकपणे काम केलं’ हे घेऊन जाऊ नकोस. ते त्यांना माहीत आहे आणि त्यावर ते ‘हो ना’ म्हणून चहा मागवतील. गेल्या 12 महिन्यांच्या तक्रारींची वही उघड आणि एका रविवारी बसून 4 गोष्टी मोज. एकूण तक्रारी किती, पहिलं उत्तर सरासरी किती तासांत गेलं, तक्रार बंद व्हायला किती दिवस लागले आणि तीच तक्रार त्याच ग्राहकाकडून पुन्हा किती वेळा आली. यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत मोलाची आहे. माझ्या गोंदियाच्या रजिस्टरमध्ये 3 बंद तक्रारी दिसत होत्या, प्रत्यक्षात ती एकच उघडी तक्रार होती.

मग त्याला पैसे लाव. फुकट गेलेले सुटे भाग, इंजिनियरचा प्रवास आणि मुक्काम, आणि तक्रार सुटेना म्हणून ग्राहकानं अडवलेलं बिल. हे शेवटचं कोणी मोजत नाही. समज, 20 लाखांचं बिल तक्रारीपायी 60 दिवस अडकलं आणि कंपनी बँकेला 12 टक्के व्याज देते. 20 लाखांवर 60 दिवसांचं व्याज साधारण 39 हजार रुपये होतं. म्हणजे 2 हजारांच्या सीलवरून निघालेल्या वादात कंपनीचे 39 हजार नुसते व्याजात गेले. अकाउंट्समधल्या कोणाकडून तरी अडकलेल्या बिलांची यादी घे आणि तुझ्या तक्रारींच्या यादीशेजारी ठेव. मी पहिल्यांदा त्या दोन याद्या शेजारी ठेवल्या तेव्हा आमच्या फायनान्सच्या साहेबांनी खुर्ची ओढून घेतली होती. तोवर त्यांना आमचा विभाग म्हणजे खर्चाचं खातं वाटायचं.

एक गोष्ट आणखी बघ. तुमच्या कारखान्याला आयएसओ 9001, म्हणजे गुणवत्ता व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र, असणार, गेटवरच बोर्ड असतो. त्याच्या 2015 च्या आवृत्तीत 9.1.2 हे कलम ग्राहकाच्या समाधानावर लक्ष ठेवायला सांगतं आणि 9.3 मध्ये, म्हणजे मॅनेजमेंट रिव्ह्यूमध्ये (व्यवस्थापनाच्या आढाव्यात), ती माहिती वरिष्ठांसमोर यावी लागते. ती स्लाइड कोण बनवतं? तूच बनवत असशील. मांडतं कोण? पुढच्या रिव्ह्यूला ती मी मांडते, असं साहेबांना सांग. ते निवृत्तीला आलेत, नाही म्हणणार नाहीत. मार्चच्या आधी वरच्या लोकांनी तुला उभं राहून, आकड्यांवर बोलताना एकदा तरी ऐकायला हवं.

पद मागताना नुसतं पद मागू नकोस. हे मी फार जपून सांगते, कारण इथं मी स्वतः फसले. मला उशिरा का होईना ‘मॅनेजर’ केलं, केबिन दिली, कार्ड छापलं. पण 500 रुपयांचं सील फुकट द्यायचं तरी सही सेल्सची लागायची. ग्राहक माझ्यावर ओरडणार आणि निर्णय दुसरा घेणार. त्या पदानं मला थकवलं, मोठं केलं नाही.

तुमच्या ऑफरवरची वॉरंटीची अट आठव. डिस्पॅचपासून (माल कारखान्यातून निघाल्यापासून) 18 महिने किंवा कमिशनिंगपासून (साइटवर चालू केल्यापासून) 12 महिने, यांतलं जे आधी संपेल ते. आता एखाद्या प्लांटनं गिअरबॉक्स घेऊन ठेवला, सिव्हिलचं काम रखडलं, माल एक आख्खा पावसाळा ताडपत्रीखाली पडला, आतल्या गिअरवर गंज चढला. 19 व्या महिन्यात ते चालू करतात आणि तुला फोन येतो. कागदावर वॉरंटी संपली. पण पॅकिंगच्या वेळी गंजरोधक तेल पुरेसं भरलं होतं का? एवढे दिवस माल पडून राहणार असेल तर शाफ्ट मधूनमधून फिरवायचा, हे आपण त्यांना लिहून कळवलं होतं का? इथं कागद एक सांगतो आणि न्याय दुसरंच, शिवाय पुढच्या 10 गिअरबॉक्सची ऑर्डर तिसरंच. हा निर्णय कोणी घ्यायचा? तो 8 दिवस टेबलांवरून फिरत राहिला तर ग्राहक गेला.

म्हणून हे अधिकार लिहून माग. ठराविक रकमेपर्यंत फुकट भाग किंवा दुरुस्ती द्यायचा निर्णय सर्व्हिस हेडचा. रक्कम त्यांनी ठरवावी, पण ती असावी. रोजच्या किंवा आठवड्याच्या प्लॅनिंग मीटिंगमध्ये तुझी खुर्ची, म्हणजे बंद पडलेल्या प्लांटचा गिअरबॉक्स रांगेत पुढे घ्यायचा की नाही हे तुझ्यासमोर ठरेल. आणि एकच दोष दुसऱ्यांदा आला की क्वालिटी आणि प्रॉडक्शनला एकत्र बसवून मूळ कारण काढायला लावायचा अधिकार. हा तिसरा मिळवायला सगळ्यांत जड जाईल, कारण पेंट शॉपपासून स्टोअरपर्यंत कोणालाच आपल्या दारात चौकशी आलेली आवडत नाही. तरी तोच सोडू नकोस. खुर्ची देऊन हे तिन्ही नाकारले तर ती खुर्ची घ्यायची का, याचा पुन्हा विचार कर.

‘मी इंजिनियर नाही.’ बरं, नाहीस. प्रत्येक शनिवारी 2 तास असेंब्लीवर उभी राहा. फिटरला विचार, त्यांना शिकवायला आवडतं, त्यांना कोणी विचारत नाही हेच त्यांचं दुःख आहे. नेमप्लेटवरचा रेशो, किलोवॅट, तेलाचा ग्रेड, म्हणजे दाटपणा, 220 का 320 आणि का, हे तुला येतच असेल, तरी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐक. गाडीवाल्या कंपन्या पुरवठादारांकडून 8 डी मागतात, म्हणजे दोषाचं मूळ शोधून तो सोडवायची 8 पायऱ्यांची पद्धत. ती नीट शिकून घे. फोर्ड कंपनीनं 1987 मध्ये तिची पुस्तिका काढली आणि आज ती कुठेही चालते. तिची तिसरी पायरी म्हणजे तात्पुरता बंदोबस्त आणि सातवी म्हणजे पुन्हा होऊ नये याची व्यवस्था. आम्ही गोंदियाला 3 वेळा सील पाठवलं ती तिसरी पायरी. पेंटिंगच्या आधी लावलेलं बूच ही सातवी. बहुतेक सर्व्हिस विभाग आयुष्यभर तिसऱ्या पायरीवर उभे असतात. तुझ्या वहीतल्या किती तक्रारी सातव्या पायरीपर्यंत पोचल्या, हे मोजलंस तर पदवी कोणी विचारणार नाही, निदान 2 मिनिटांनंतर तरी नाही.

तुझ्या 5 जणांबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. त्यांचं ऐक. दिवसभर दुसऱ्यांच्या रागाचे फोन घेणारी ही मुलं घरी काय घेऊन जातात, हे तुला माहीत आहे. ग्राहकाचा राग ऐकायचा, शिवी ऐकायची नाही, एवढा नियम स्पष्ट कर आणि तसा फोन आला तर तो तू स्वतः घे. रात्रीच्या ब्रेकडाउनच्या फोनची आठवड्याची पाळी लाव, तुझंही नाव त्यात असू दे, पण रोज नको. आत्ता सगळे रात्रीचे फोन तुझ्याच मोबाइलवर येतात ना? मला खात्री आहे येतात. ते थांबव. तुला वाटतं याला जबाबदारी म्हणतात, पण त्यामुळे बाकीचे पाचही जण कच्चे राहतात. आणि कोणी ब्रीदरसारखं काही शोधून काढलं तर त्या मुलाला, त्या मुलीला मीटिंगमध्ये घेऊन जा आणि त्यांनाच बोलू दे.

पुण्याचं थोडक्यात सांगते. तोच हुद्दा, नवी माणसं, दहावीचं वर्ष, आजारी सासूबाई. नुसत्या पगारासाठी या वर्षी जाऊ नये असं मला वाटतं. पण ऑफर लगेच नाकारूही नकोस, मार्चपर्यंत बोलणं चालू ठेव. प्लांट हेडना तिची धमकी मात्र देऊ नकोस. आपल्या एमआयडीसीत सगळे एकमेकांना ओळखतात, बातमी आपोआप पोचते. इथं नाही मिळालं तर पुणेकरांशी हुद्द्याबद्दल नव्यानं बोल, याच वहीच्या जोरावर.

नवरा ‘तू ठरव’ म्हणतो, त्याला सांग की ठरवलंय, आता पाळ्या लावू. आठवड्यातून एक दिवस तू साइटवर असशील, त्या दिवशी सासूबाईंचं औषध आणि मुलीचा क्लास कोण बघणार, हे आत्ताच बोला, मार्चमध्ये नको. मुलीलाही सांग तू काय मागायला चालली आहेस. दहावीची मुलगी आईकडे किती बारकाईनं बघत असते!

भेटीची वेळ आधी घे, जाता-येता व्हरांड्यात गाठू नकोस. एक पानाची नोट ने. सुरुवात मी करून देते, आकडे तुझ्या वहीतून भर:

‘सर, येत्या मार्चपासून कस्टमर सर्व्हिसच्या विभागप्रमुखपदासाठी मी अर्ज करत आहे. गेल्या 12 महिन्यांत विभागाकडे ___ तक्रारी आल्या, त्यांतल्या ___ तक्रारी त्याच ग्राहकाकडून पुन्हा आल्या आणि त्यापायी कंपनीचे ___ रुपये अडकले. पुढच्या वर्षात पुन्हा येणाऱ्या तक्रारी ___ वर आणण्याची जबाबदारी मी घेते. त्यासाठी मला पुढील 3 अधिकार हवे आहेत. साइट भेटींचं पहिल्या 3 महिन्यांचं वेळापत्रक सोबत जोडलं आहे, पहिली भेट माझी आहे.’

त्या वेळापत्रकात सगळ्यांत लांबची आणि सगळ्यांत चिडलेली साइट पहिली लिही. आणि परत आलीस की मला पत्र टाक, तिथल्या फोरमनकाकांनी काय सांगितलं ते मला ऐकायचंय.